खेकड्याचा गचका: साइड रॉडच्या इंजिनातली अडखळ परत परत का येते

साइड रॉडचं, म्हणजे चाकं बाहेरून दांडीनं एकमेकांना जोडलेलं मॉडेल-इंजिन अगदी हळू सोडलं की चाकाच्या फेऱ्यात ठरावीक जागी अडखळतं. थांबत नाही, नुसता गचका देतं. वेग वाढवला की गचका दिसेनासा होतो आणि आपणही तो विसरतो. मागे भरपूर मालडबे लावून चढावर नेलं की मात्र एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) जागच्या जागी थरथरते, दुसरी तिला रेटत राहते आणि हात लावला तर मोटर तापलेली असते. साइड रॉडवालं जुनं विद्युत मालगाडी-इंजिन मोठ्या स्केलमध्ये ज्यांनी बांधलंय, त्यांना यातलं काही नवं वाटणार नाही.

यावरचा चालू इलाजही सगळ्यांना ठाऊक आहे. रॉड काढायचा, क्रँकपिनच्या, म्हणजे चाकावरच्या ज्या खुंटीत रॉड अडकतो तिच्या, भोकात गोल कानस फिरवायची, भोक थोडं सैल करायचं आणि रॉड परत चढवायचा. गचका जातो. काही महिन्यांनी परत येतो, आणि या वेळी जास्त जोरात. परत कानस. असं करत करत भोक एवढं मोठं होतं की रॉड पिनवर नुसता लोंबत राहतो आणि इंजिन पळताना डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. मिरजेत सतारीची जवारी काढणारा कारागीर कानस फिरवतो ती प्रत्येक घासणीनंतर तार ऐकून. आपण मात्र रोग कुठे आहे हे न बघताच घासत सुटतो. परत परत येणाऱ्या गचक्यात रॉडचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा चाक अ‍ॅक्सलवर जागचं हललेलं असतं. तो सांधा पक्का होत नाही तोवर रॉडला हात लावण्यात अर्थ नाही.

हे खेकड्यालाच का होतं

खेकडा हे टोपणनाव. इंजिन म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं ईएफ/१, पुढे भारतीय रेल्वेत डब्ल्यूसीजी-१ झालेलं. १९२८ पासून आलेली ही ४१ इंजिनं. पहिली १० स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याची, बाकीची ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची, विद्युत सामान मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सचं. १५०० व्होल्ट डीसी, वजन १२५ टनांच्या घरात, तीन-तीन अ‍ॅक्सलच्या दोन बोग्या, पुढे-मागे लांब नाकं आणि मधे कॅब. बोरघाटात दर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, तिथे मालगाड्या ओढायला हे धूड आणलं. आपल्या मिरज मार्गावर ते कधीच आलं नाही. तेव्हा पुणे-मिरज लाइन मीटर गेज होती, आणि ब्रॉडगेज झाल्यावरही विजेच्या तारा यायला पुढे कित्येक दशकं गेली. सांगलीच्या जुन्या मंडळींनी खेकडा पाहिला तो पुण्यात गाडी बदलताना नाहीतर घाटातून मुंबईला जाताना.

मॉडेल करणाऱ्याची अडचण गेजपासून, म्हणजे दोन रुळांतल्या अंतरापासून सुरू होते. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी. ओ स्केलमध्ये, म्हणजे १:४३.५ ला, ते ३८.५ मिमी होतं. बाजारात मिळतो तो ओ गेजचा रूळ ३२ मिमीचा, कारण तो १४३५ मिमीच्या परदेशी गेजसाठी आहे. त्यातून दोन वाटा निघतात. एक, ३२ मिमीवरच इंजिन चालवायचं. मग एवढ्या रुंद अंगाखाली चाकं आत ओढल्यासारखी दिसतात आणि खेकड्याचा रुबाबच जातो. दुसरी, रूळ हातानं ३८.५ मिमीचा घालायचा आणि चाकं बाहेर सरकवायची. ४५ मिमीच्या रुळावर जायचं म्हटलं तर हिशेबानं स्केल १:३७ च्या जवळपास येतं, घाटाच्या चढाचाच आकडा! गंमत म्हणून ठीक आहे, पण त्या मापाचे डबे कोणी बनवत नाही, सगळं आपणच करायचं.

नजर असलेला माणूस बहुधा दुसरी वाट धरतो, आणि गचक्याची बीजं तिथेच पडतात. तयार व्हीलसेट ३२ मिमीसाठी असतो. त्यातली दोन्ही चाकं प्रत्येकी सव्वातीन मिमी बाहेर ओढली की अ‍ॅक्सलचं टोक चाकाच्या पोटात पूर्ण जात नाही. चार-पाच मिमी लांबीची पकड पाऊण ते पावणेदोन मिमीवर येते. आधीच प्रेस फिट, म्हणजे नुसतं दाबून बसवलेलं, त्यात पकड निम्म्याहून कमी, आणि सहापैकी प्रत्येक चाकजोडीत एक चाक प्लॅस्टिकच्या बुशवर (मधल्या नळीवर), कारण दोन रुळांतली वीज एकमेकांना भिडू नये. डेलरिन या प्लॅस्टिकचा बुश दाबात ठेवला की कालांतरानं थोडा सैलावतो. त्यात आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला लेआउट. बुशची पकड ढिली झाली की चढावर जोर लागताच चाक अ‍ॅक्सलवर अंशा-दोन अंशांनी फिरतं.

एवढ्यानं काय होतं, असं वाटेल. क्रँकचा थ्रो, म्हणजे चाकाच्या मध्यापासून पिनचं अंतर, ६ मिमी धरा. चाक ४ अंशांनी फिरलं तर पिन आपल्या जागेपासून ०.४ मिमी दूर जाते. रॉडच्या भोकात मोकळीक असते ०.१ ते ०.१५ मिमी. त्यामुळे रॉड अडतो, अडला की मोटर जास्त जोर लावते, आणि तो जोर नेमका त्या ढिल्या सांध्यावर येऊन चाक आणखी थोडं फिरतं. कानशीनं भोक मोठं केलं की अडणं थांबतं, पण सांधा ढिलाच राहतो. पुढच्या वेळी चाक आणखी सरकायला जागाही मिळते. हे चक्र असंच फिरत राहतं.

आधी नक्की काय आहे ते बघा

दोन्ही बोग्या इंजिनातून बाहेर काढा. खेकड्याच्या मॉडेलमधल्या दोन मोटरी समांतर जोडलेल्या असतात, त्यामुळे एक अडली की दुसरी तिला ओढते आणि दोष कुठल्या बोगीत आहे हे वरून कळत नाही. बोगी एकेक करून साध्या डीसीवर चालवा, तीही उलटी धरून, चाकं वर करून. डिजिटल कंट्रोल असेल तर डिकोडर (रुळावरून येणारा आदेश वाचून मोटर चालवणारी चकती) बाजूला काढा किंवा त्यातलं लोड कॉम्पेन्सेशन बंद करा. हे फीचर आलं तेव्हापासून गचक्याचं निदान अवघड झालं आहे. डिकोडर अडलेल्या मोटरला गुपचूप जास्त वीज पाजतो, इंजिन गुळगुळीत चालतंय असं वाटतं आणि आत सांधे घासत राहतात.

मीटर लावायचा तर काट्याचा अ‍ॅमीटर लावा. डिजिटल मीटरचे आकडे नुसते नाचतात. काट्यावर लय दिसते. चाकाच्या फेऱ्याबरोबर काटा ठरावीक वेळी उसळत असेल तर दोष रॉड, क्रँक किंवा गिअरमध्ये आहे. काटा मधेच शून्यावर पडत असेल तर तो यांत्रिक दोष नाही. तिथे वीज तुटते आहे. चाकं आणि पिकअप (चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्या) पुसा, पुढचं सगळं वाचायची गरज नाही. रुळाच्या एकाच जागी गचका येत असेल तर रूळ बघा.

आता रॉड काढून बोगी चालवा. गचका तसाच राहिला तर गिअरच्या दातात काहीतरी अडकलं आहे किंवा एखादा दात खराब आहे. गेला तर आपण योग्य मार्गावर आहोत. मग एका बाजूचेच रॉड लावा, नंतर दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजू सुट्या सुट्या छान आणि एकत्र लावल्या की अडतं, असं झालं तर बहुधा चाकांचे कोन जुळत नाहीत.

यानंतरची तपासणी मला सगळ्यात उपयोगी वाटते, आणि नेमकी तीच फारसं कोणी करत नाही. गिअर मोकळा करून चाक हातानं अगदी सावकाश फिरवा आणि अडतं त्या क्षणी थांबा. क्रँकपिन कुठे आहे ते घड्याळाच्या काट्यासारखं वाचा. एका बाजूची पिन तीनवर किंवा नऊवर, म्हणजे डेड सेंटरला असताना अडत असेल तर रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर जुळत नाही. त्या जागी पिनांना रॉडच्या दिशेनं जरासुद्धा हलता येत नाही, म्हणून अंतराची चूक तिथेच पकडली जाते. पिन दीड-साडेचार-साडेसात-साडेदहा अशा मधल्या जागांवर असताना अडत असेल तर कोनाची चूक आहे, म्हणजे चाक फिरलंय. फेऱ्यात एकदाच अडत असेल तर एखादी पिन वाकडी आहे किंवा तिचं नट पायरीच्या आतल्या बाजूला घासतंय.

हे वाचून झालं की लगेच दुरुस्तीला लागू नका. आधी सुई घेऊन प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या बाजूवर एक सरळ बारीक रेघ ओढा: अ‍ॅक्सलच्या टोकावरून बुशवर आणि बुशवरून चाकावर. दुरुस्ती झाल्यावर परत नवी रेघ ओढा. पुढे कधी गचका आला तर रॉडला हात लावण्याआधी भिंगातून ही रेघ बघायची. ती अ‍ॅक्सल आणि बुश यांच्या मधे तुटली असेल तर पकड तिथे सुटली. बुश आणि चाक यांच्या मधे तुटली असेल तर तिथे. अखंड असेल तर चाक निर्दोष आहे आणि दुसरीकडे शोधायला हवं. पाच मिनिटांचं हे काम पुढचा सगळा वाद मिटवतं.

सांधा पक्का करायचा कसा

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे लांब अ‍ॅक्सल नवीन करून घेणं. बाहेर ओढलेली चाकं जुन्याच अ‍ॅक्सलवर चिकटवत बसणं हा काटकसरीचा मार्ग वाटतो, पण नाही. सिल्व्हर स्टीलची ४ मिमीची काडी घेऊन कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही लहान लेथवाल्याकडे जा. काम ऐकून तो हसणारच.

"साहेब, एवढ्याशा काडीला शंभरावा मिमी कशाला मागताय? खेळण्यातलंच काम हाय न्हवं?"

"खेळण्यातलं हाय दादा, म्हणूनच मागतोय. पंपाचा शाफ्ट असता तर तुम्हीच दिलं असतं."

हे एकदा पटलं की तो माणूस नीट काम करतो. या भागातल्या वर्कशॉपांत पंप आणि ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांमुळे अचूक काम करणारे हात भरपूर आहेत. त्याला मापं अशी सांगा: चाकाचं भोक रीमरनं नेमकं ४ मिमी, अ‍ॅक्सलची बसायची जागा त्याहून ०.०१ ते ०.०१५ मिमी जास्त, आणि लांबी एवढी की अ‍ॅक्सल चाकाच्या बाहेरच्या तोंडापर्यंत पोचेल. चाक दाबताना हातोडा नको. लेथच्या टेलस्टॉकनं सरळ रेषेत दाबून घ्या. हातोड्यानं चाक तिरकं बसतं आणि मग डुगडुगतं, तो निराळाच आजार.

धातूवर धातू असा सांधा असेल तर रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे दाबून बसवलेले भाग जखडणारं चिकट द्रव्य, वापरता येतं. लॉकटाइट ६३८ आपल्या औद्योगिक दुकानांत मिळतं. दोन्ही भाग आधी आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसून तेलाचा अंश घालवा आणि एक पूर्ण दिवस हात लावू नका. पण डेलरिनच्या बुशवर त्याचा भरवसा धरू नका. डेलरिनला फारसं काहीच चिकटत नाही. बुश ठेवायचाच असेल तर अ‍ॅक्सल आणि बुश यांच्या जोडावर, अर्धं अ‍ॅक्सलमध्ये आणि अर्धं बुशमध्ये येईल असं १ मिमीचं भोक पाडून त्यात पिन बसवा. पिन मधे आली की चाक फिरायला वाव उरत नाही. बुश आणि चाक यांच्या जोडावरही अशीच पिन द्या, फक्त ती नायलॉनची हवी. दोन्हीकडे धातूची पिन लागली आणि एकमेकींना भिडली तर शॉर्ट.

माझं मत मात्र बुशच काढून टाकावा असं आहे. वीज तोडायची ती चाकाच्या मध्यात न तोडता कडेला तोडा. चाकाचा मधला भाग अ‍ॅक्सलवर थेट धातूवर धातू दाबायचा आणि बाहेरची धाव त्यावर पातळ कागद आणि इपॉक्सी घालून बसवायची. काम जास्त आहे, पण फायदा मोठा. क्रँकपिन मधल्या भागात असते. उद्या धाव सरकली तरी पिनचा कोन हलत नाही. आणखी एक फायदा असा की दोन्ही बाजूंचे रॉड फ्रेमच्याच वीजबाजूला राहतात. बुशच्या पद्धतीत एका बाजूच्या रॉडमध्ये उलट बाजूची वीज असते आणि वळणावर तो फ्रेमला टेकला की ठिणगी. रात्री दिवा मालवून खेकडा चालवताना बोगीखाली निळी ठिणगी दिसली तर ती याचीच.

कोन आणि रॉड

दोन बाजूंच्या क्रँक एकमेकींशी ९० अंशांत असाव्यात असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि लोक ते ९० गाठायला जीव टाकतात. खरं सांगायचं तर ८८ झाले तरी इंजिन सुरेख चालेल. बोगीतल्या तिन्ही चाकजोड्यांत मात्र ते ८८ च हवेत. आणि कुठली बाजू पुढे आहे तेही तिन्हींत सारखं हवं. म्हणून डोळ्यानं कोन लावू नका, गुण्या धरून तर नाहीच. जिग, म्हणजे प्रत्येक जोडी सारखीच बसवून देणारा साचा, करा: एका जाड पट्टीवर दोन व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे), अ‍ॅक्सल त्यांत आडवा, एका बाजूच्या पिनसाठी आडवा थांबा आणि दुसऱ्या बाजूच्या पिनसाठी उभा थांबा. जिग स्वतः दोन अंशांनी चुकलेला असला तरी बिघडत नाही, कारण तो तिन्ही जोड्यांना सारखाच चुकवेल. दुसऱ्या बोगीलाही तोच जिग वापरा.

डेड सेंटरला अडणाऱ्यांसाठी रॉडचं सांगतो. चारही रॉडच्या पट्ट्या एकमेकींवर डाग देऊन एकत्र जोडा आणि भोकं एकदमच पाडा. डीआरओ (अंतराचे आकडे दाखवणारा डिस्प्ले) असलेल्या मिलिंग मशीनवर झालं तर उत्तम. मग तोच गठ्ठा फ्रेमवर ठेवून अ‍ॅक्सलची भोकं त्यातून उतरवा. वर्नियरनं मोजून दोन वेळा खूण केलेली अंतरं कधी जुळत नाहीत. एकाच भोकातून उतरलेली जुळतात. शेवटी रीमर मारा आणि पिनपेक्षा ०.१ मिमी मोकळीक ठेवा, त्याहून जास्त नको. तीन अ‍ॅक्सलवरचा रॉड अखंड ठेवू नका. हातानं घातलेल्या रुळावर मधलं चाक वरखाली होणारच, तेव्हा अखंड रॉड पिनला उचकटतो. मधल्या पिनच्या शेजारी सांधा द्या. खऱ्या इंजिनांत असा सांधा कुठे आणि कसा असतो ते बघायचं असेल तर मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा उभा आहे, दुसरा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. रॉडचे फोटो अगदी जवळून आणि काटकोनात काढा, सोबत एक फूटपट्टी धरा. पुस्तकातल्या तिरक्या फोटोवरून मापं काढू नका.

जुने रॉड कानस मारून आधीच मोठे झाले असतील तर फेकू नका. भोक आणखी वाढवून त्यात पितळी बुश डाग द्या आणि नव्यानं भोक पाडा.

ज्यांच्याकडे स्विस मगर आहे

गॉटहार्डच्या सीई ६/८ २ किंवा र्‍हेटियन रेल्वेच्या जीई ६/६ १ या ‘मगर’ टोपणनावाच्या स्विस विद्युत इंजिनांची तयार मॉडेलं काही जणांकडे असतात. दुसऱ्या इंजिनाचं जी स्केलमधलं, १:२२.५ चं मॉडेल ४५ मिमी रुळावर चालतं. तिथे वरचा सगळा उपद्व्याप आधी करू नका. मोठ्या स्केलच्या अशा तयार मॉडेलांत बऱ्याचदा चाकजोड्या आतून गिअरनं जोडलेल्या असतात आणि रॉड नुसता बरोबर फिरतो. मग कोन चाकाच्या पकडीवरच नव्हे, गिअरच्या दातांवरही ठरतो. साफसफाईला चाकजोडी काढली आणि परत बसवताना एक दात चुकला, की २० दातांच्या गिअरमध्ये थेट १८ अंशांचा फरक. "सर्व्हिसिंग केल्यापासून अडतंय" ही तक्रार असेल तर निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं. बोगी उघडण्याआधी गिअरच्या दातावर आणि शेजारच्या दातावर मार्करनं ठिपका द्या. अशा मॉडेलमध्ये रॉडची भोकं सैल असणं चूक नाही. तिथे रॉड घट्ट केला तर गिअर आणि रॉड दोघेही चाकाला आपापल्या तालावर फिरवू बघतात.

तसंच जॅकशाफ्ट (मोटरचा जोर रॉडला देणारा, चाकं नसलेला आडवा दांडा) असलेल्या मगरीत त्याचं आणि पहिल्या चाकाचं अंतरही रॉडशी जुळावं लागतं. जॅकशाफ्ट फ्रेममध्ये पक्का असतो आणि चाक स्प्रिंगवर खालीवर होतं, म्हणून तिथल्या भोकाला इतरांपेक्षा थोडी जास्त मोकळीक द्या.

सगळं जुळवून बोग्या परत इंजिनात बसवताना कॅबमधून बोगीकडे जाणाऱ्या वायरी बघून घ्या. जाड, कडक वायर बोगीला वळणावर मागे खेचते आणि बाहेरचं चाक उचलतं. ते दिसायला गचक्यासारखंच दिसतं आणि माणूस परत रॉड उघडतो. सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घाला, थोडी लांब ठेवा, आणि डिकोडरचं लोड कॉम्पेन्सेशन सगळ्यात शेवटी चालू करा.